अक्षतानं निवडलेले विषय

१९९२ सालची बुद्धपौर्णिमा. कबनूरच्या विहारात थायलंडहून आलेला एक तरुण भिक्खू वंदना म्हणू लागला आणि मागं बसलेल्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. आपण ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणतो, ते हा ‘फुत्थङ् सरणङ् खच्छामि’ असं काहीतरी म्हणत होता. पारूबाईलाही हसू आवरेना. तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली तिची थोरली लेक अक्षता मात्र हसली नाही. सातवीची परीक्षा नुकतीच दिलेली ती पोर त्या भिक्खूच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. इतक्या लांबच्या, वेगळ्याच तोंडवळ्याच्या माणसाला आपल्या घरातले शब्द पाठ कसे, हे तिला कळेना. वाटेत तिनं आईला विचारलं. तू माझ्याकडनं शिकलीस तसा तो त्याच्या आईकडनं शिकला असेल, एवढंच पारूबाई म्हणाली आणि भाकरीच्या घाईनं पुढं चालू लागली.

त्या उत्तरानं अक्षताचं समाधान झालं नाही. सुट्टी संपल्यावर तिनं शाळेच्या नकाशात थायलंड शोधून काढला. मग त्याच्या शेजारचे देश पाठ केले. विहारात रविवारी पाली शिकवायचे, तिथं ती जाऊ लागली. घरात या सगळ्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण पोरगी पहिल्या पाचात होती आणि घरकामालाही चुकत नव्हती. तिचा बाप बाळासो इचलकरंजीत एका शेडमध्ये यंत्रमागावर कामाला होता. पारूबाई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. धोट्यात बसणाऱ्या त्या सुताच्या नळ्या भरता भरता तिची बोटं कापून निघायची. पोरीनं या आवाजातनं आणि या धुळीतनं बाहेर पडावं, यापलीकडं दोघांचं मागणं नव्हतं.

अकरावीत असताना इचलकरंजीच्या वाचनालयात एका इंग्रजी वर्तमानपत्रात अक्षताला दिल्लीच्या एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. शब्दकोश घेऊन तिनं ती तीनदा वाचली. एम.ए.ला तिथं जगातल्या देशांचे एकमेकांशी असलेले संबंध शिकवत होते. आग्नेय आशियासाठी तर वेगळा विभागच होता. असं काही शिकता येतं, हेच तिला तोवर ठाऊक नव्हतं. तिनं पत्ता उतरवून घेतला आणि माहिती मागवणारं पत्र टाकलं. दीड महिन्यानं पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन आला. दिल्लीचा शिक्का बघून बाळासोला वाटलं, कोर्टाचं काहीतरी आलं.

बारावीला तिला ब्याऐंशी टक्के पडले आणि डी.एड.च्या पहिल्याच यादीत नाव लागलं. त्या काळी आमच्याकडं डी.एड. म्हणजे दोन वर्षांत पक्की नोकरी. यादी लागली त्याच दिवशी बाळासोची बहीण धोंडुबाई पेढे घेऊन दारात हजर झाली. गल्लीतली पहिली मास्तरीण आपल्या घरात, म्हणून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिच्यासमोरच अक्षतानं सांगून टाकलं की डी.एड.ला जायचं नाही. कोल्हापुरात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आणि त्यानंतर दिल्लीची परीक्षा द्यायची.

धोंडुबाईनं पेढ्याचा पुडा बाजूला ठेवला. पुढं कोण होणार ते सांग म्हणाली. वकील, डाक्तर, मास्तर, काहीतरी नाव असेल की त्याला. अक्षतापाशी नाव नव्हतं. बाळासो पायात चपला घालून बाहेर निघून गेला.

दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघता निघता पारूबाई उंबऱ्यात थांबली. तिनं लेकीला विचारलं, “डी.एड. करून नोकरी लागली, तर ती सोडून तू ह्ये शिकाय जाशील?”

अक्षतानं विचार केला. खोटं बोलणं जमलं नसतं. “न्हाय गं आई. मग घर सोडवंल, पण पगार सोडवायचा न्हाय.”

“मग आधी ह्येच कर. तुझ्या आबाला मी बघतो,” पारूबाई म्हणाली आणि निघाली.

आबाला तिनं काय सांगितलं, ते कधी कुणाला कळलं नाही. बाळासोनं कॉलेजच्या फॉर्मवर सही केली, पण लेकीशी बोलणं कामापुरतंच ठेवलं.

कोल्हापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला कालिंदी देशिंगकर नावाच्या बाई होत्या. आवाज बारीक, पण लाल शाई भरपूर. अक्षतानं दिल्लीचं ते पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून सगळी पानं वाचली. मग एक कोरा कागद घेऊन तीन वर्षं आखून दिली. राज्यशास्त्र मुख्य विषय, जोडीला अर्थशास्त्र; देशांची भांडणं बऱ्याचदा पोटाची असतात, म्हणाल्या. इतिहासही सोडायचा नाही. पाली विहारात चालू ठेवायचं. इंग्रजीची मात्र त्यांना काळजी वाटली, कारण परीक्षेत इंग्रजीतनंच निबंध लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी रोजचं एक काम लावलं. ग्रंथालयात इंग्रजी वर्तमानपत्रातली आशियाची एक बातमी वाचायची आणि दहा ओळी लिहून आणायच्या.

ते साल होतं सत्त्याण्णव. त्याच जुलैत थायलंडचं चलन कोसळलं. पहिल्याच आठवड्यात अक्षताच्या दहा ओळी तिथल्याच निघाल्या. बाईंनी नऊ ओळींत चुका काढल्या आणि खाली लिहिलं, ‘विषय सोडू नकोस.’ तिनं सोडला नाही. थायलंडमागनं इंडोनेशिया, मग कोरिया, अशी ही पडझड ती वर्षभर कबनूर-कोल्हापूर येरझाऱ्या करत लिहीत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात बाळासोच्या शेडमध्ये दोनाची एक पाळी झाली. बाहेरदेशीचा माल स्वस्त झालाय, आपल्या कापडाला उठाव नाही, असं मालक सांगत होता. हे मालक नेहमीच काहीतरी सांगतात, असं बाळासो जेवताना पारूबाईला म्हणाला. अक्षता भाकरी मोडता मोडता थांबली. मालक या वेळी खोटं बोलत नसावा, असं तिनं भीत भीत सांगितलं. बाळासोनं वर बघितलं. मग तिनं ताटातल्या भाकरीच्या चार तुकड्यांवर सगळं समजावलं: थायलंड-इंडोनेशियाचा पैसा पडला, म्हणून परदेशातल्या गिऱ्हाइकाला त्यांचं कापड स्वस्त पडायला लागलं, तेच गिऱ्हाईक आपल्याकडनं घ्यायचं, ते तिकडं वळलं.

बाळासोनं दोन शंका विचारल्या. दुसरीचं उत्तर उद्या बाईंना विचारून सांगते म्हणाली.

“म्हंजी तू आमच्याच कामाचं शिकतीयास की,” तो म्हणाला. “मला वाटलं, लांबचं कायतरी हाय.”

त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं. शेडमधली माणसंही बाळासोला विचारू लागली, तुझी पोरगी काय म्हणती, सूत वाढंल का? तो ते प्रश्न घरी घेऊन यायचा. काहींची उत्तरं अक्षताला मिळायची, काहींची देशिंगकर बाईंनाही नाही.

बी.ए.ला पहिला वर्ग मिळाला आणि २००० सालच्या मे महिन्यात दिल्लीची प्रवेश परीक्षा देण्यासाठी बापलेक पुण्याला गेले. ती पास झाली नाही. यादीत नाव नाही, हे कळल्यावर धोंडुबाई आली, पण काही टोचून बोलली नाही. भाचीच्या पाठीवरनं हात फिरवून गेली. अक्षताला तेच जास्त लागलं.

ती बाईंकडं गेली आणि पेपरात काय लिहिलं ते आठवेल तसं सांगितलं. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू सगळ्या व्याख्या बरोबर लिहिल्यास, अक्षता. पण त्या प्रत्येकानं लिहिल्या असणार. तुझ्या वडिलांच्या शेडमधली पाळी बंद झाली, ते का नाही लिहिलंस?”

ते परीक्षेत लिहायचं असतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं तर माग, कांड्या, कबनूर हे सगळं झाकूनच दिल्लीला जायचं असतं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

वर्षभर तिनं गावात शिकवण्या घेतल्या आणि पुन्हा तयारी केली. या वेळी देशिंगकर बाईंची लाल शाई कमी लागली. २००१ च्या पेपरात आशियातल्या आर्थिक संकटाचा इतरांवर काय परिणाम झाला, असा प्रश्न होता. तिनं पहिल्या ओळीत इचलकरंजीची शेड घातली आणि तिथनं बँकॉकपर्यंत गेली. इंग्रजी साधंच होतं, पण वेळ संपला तरी सांगायचं संपलं नव्हतं.

जुलैत यादीत नाव आलं. मिरजेच्या स्टेशनवर गोवा एक्स्प्रेस लागली, तेव्हा बाळासोनं शेडमधल्या सगळ्यांच्या वतीनं एक सुती चादर तिच्या हातात दिली. पारूबाई रडली नाही. तिकडं गव्हाच्या रोट्या असतात, पोट बिघडलं तर भात खा, एवढंच तीनदा सांगितलं.

दिल्लीतलं पहिलं वर्ष जड गेलं. वर्गातली मुलं फाडफाड बोलायची आणि अक्षताचं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. दुसऱ्या वर्षी तिनं वाक्य तयार व्हायची वाट बघणं सोडून दिलं. एम.ए. झालं, एम.फिल. झालं. २००५ साली अभ्यासासाठी चार महिने ती थायलंडला राहून आली. २००७ मध्ये कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवायला लागली. दिल्लीत थांबायची संधी होती. तिनं नीट विचार करून ती सोडली, आणि त्याबद्दल आजवर तिला खंत वाटलेली नाही, असं ती सांगते.

पुढच्या पावसाळ्यात चंदगडकडची एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. भैरवी तिचं नाव. एसटी उशिरा आल्यामुळं तास चुकला होता, ओढणीतनं पाणी गळत होतं. मॅडम शिकल्या ते आंतरराष्ट्रीय काहीतरी आपल्यालाही शिकायचंय, पण आपल्या घरात कुणाला त्यातलं कळत नाही, असं ती एका दमात बोलून गेली.

अक्षतानं तिला बसायला खुर्ची दिली आणि घरी काय करतात ते विचारलं. वडील काजूच्या कारखान्यात हमाल, ती म्हणाली.

“काजू तुमच्याकडचाच?”

“थोडा आमचा. बाकीचा आफ्रिकेतनं येतो म्हनत्यात.”

“आफ्रिकेतनं कुठनं?”

पोत्यांवर काहीतरी छापलेलं असतं, एवढंच भैरवीला आठवलं. येत्या रविवारी घरी गेली की ते बघून, जसंच्या तसं लिहून आण, असं अक्षतानं सांगितलं. मग तिनं टेबलाच्या खणातनं कागद काढला आणि भैरवीनं पहिल्या वर्षाला कोणते विषय घेतलेत ते विचारायला सुरुवात केली.