हिअर, लिसन आणि आमचा बांध

आमचे इंग्रजीचे मास्तर टोपी सारखी करत म्हणाले, "हिअर म्हणजे कानावर पडणं आणि लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. आपण दोन्हीला ऐकणंच म्हणतो, म्हणून तुम्ही गाढवं चुकता." आमच्या आळीतून इंग्रजीपर्यंत पोचलेला मी एकटाच, त्यामुळे अंगात शिष्टपणा भरपूर.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. बाबा तापाने फणफणून मिठागरावरच्या खोपीत पडले होते. वाफ्यांत मीठ तयार होतं, ते दुसऱ्या सकाळी फावड्याने ओढून गोळा करायचं होतं. पायाखाली कुरकुरणारं ते मीठ, बांधावरचे बगळे, भाकरीसोबतचं भाजलेलं सुकट... त्या दिवसांची मला अजून हुरहूर लागते. दुपारी खाडीला उधाण येई, तेव्हा बांधावर कुणीतरी हवंच. बाबा म्हणाले, "नुसता बघू नको. चिंबोरीनं बांध पोखरला तर पानी दिसायच्या आधी बोलतंय. कान दे."

मी पुस्तक घेऊन बांधावर बसलो. दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी होती. हिअर, लिसन, हिअर, लिसन, अशी घोकंपट्टी चालली होती. मध्येच बांधाच्या पोटातून बुडबुड ऐकू आली. खोटं कशाला सांगू, स्पष्ट ऐकू आली. एवढं पान संपवू आणि मग बघू, असं मनाशी म्हटलं. पान संपलं तेव्हा बांध खचला होता आणि खाडीचं पाणी वाफ्यांत शिरून मीठ विरघळवत होतं.

माझी बोंब ऐकून बाबा थरथरत आले आणि चिखलात उतरून हातांनी भगदाड बुजवू लागले.

"आवाज न्हाय आला तुला?"

"न्हाय, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तक भिजेल, लांब ठेव म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. चाचणीत मला हिअर-लिसनच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क पडले. तो पेपर मी घरी दाखवला नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मला परगावी मास्तरकी लागली. बाबांचे कान तोवर पार गेले होते. तरी मी बोलू लागलो की ते हातातलं काम बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. निघायच्या सकाळी, त्यांना ऐकू येणार नाही म्हणूनच मला धीर झाला.

"बाबा, त्या दिसाला आवाज आलता मला."

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

"माहीत हाय रं," म्हणाले. "तू न्हाय म्हनलास, तवाच आयकलं मी."