आगटीत टाकलेली गोळी

मानवतमध्ये कुणालाही विचारा, माझं तोंड बंद असलेलं त्यानं कधी पाहिलंय का. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाचा निरोप समारंभ असो – माईक माझ्याच हातात. खतं-बियाण्यांचं दुकान आहे माझं. तेही निम्मं मालावर चालतं आणि निम्मं गप्पांवर. अशा या तोंडातून एक गोष्ट मात्र आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोपुढे नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. आज तुमच्यापुढे काढतोय. बसा जरा. आणि मी मधेच तुम्हाला हसवायला लागलो, तर समजा – गडी पळ काढायला लागलाय.

सोप्यापासून सुरू करतो. मी रोज एक गोळी खातो. जीवनसत्त्वं आणि खनिजं असलेली, साधी, तपकिरी गोळी. सकाळी शटर वर केलं की गिऱ्हाईक यायच्या आत, गल्ल्यामागं पाठ करून. पट्टी ठेवतो भेंडीच्या बियाण्याच्या रिकाम्या डब्यात. एवढंच? – तुम्ही म्हणाल. गोळी खाणं हा काय गुन्हा आहे?

नाही. पण माझी ख्याती ऐका. ‘ज्वारीची भाकरी, ठेचा आणि करडईचं तेल! औषधाचा थेंब नाही!’ असं म्हणून मी बाही वर सारतो आणि दंड दाखवतो. पन्नाशी ओलांडलेला दंड. लोक शिट्ट्या मारतात. ‘डॉक्टर आजारी पडला की माझ्याकडं येतो,’ हे माझं ठेवणीतलं वाक्य. कितीदा म्हटलंय? – जाऊ द्या.

गोळी सुरू झाली ती जिभेपायी. एका वर्षी जीभ लालभडक, गुळगुळीत झाली. वरण तिखट लागायचं. माईकवर उभा राहिलो की समोरच्या माणसाचं नाव आठवायचं नाही. घाबरलो आणि गुपचूप परभणीला एका डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं आणि विचारलं, “कपाशीचं पान लाल पडलं तर शेतकऱ्याला काय देता?”

“मॅग्नेशियम,” मी तोऱ्यात म्हणालो.

“आणि स्वतःची जीभ लाल पडली तर? गप्पा?”

बाई माझ्या तोडीची होती! तिनं समजावलं – मी माळकरी, मांस-अंडं वर्ज्य. दूध म्हणाल तर चहापुरतं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व ना ज्वारीत असतं, ना मेथीत. आधी इंजेक्शनं दिली, मग रोजची गोळी. म्हणाली, “ही जादू नाही. सगळ्या जगानं खावी असंही नाही. पण तुमच्या ताटात जे नाहीच, ते कुठून तरी यायला हवं ना?” पिकांना जस्त द्या, बोरॉन द्या, म्हशीला खनिज मिश्रण चारा, असं दिवसभर सांगणारा मी. चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

औषधाच्या दुकानात मात्र गळ्यातल्या माळेला हात गेला. यात काही अभक्ष्य नाही ना? दुकानदार म्हणाला, काही कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. पण ही दाबलेली गोळी आहे, हिला कवचच नाही. मी खोक्यावरचं सगळं बारीक अक्षर त्याच्याकडून वाचून घेतलं. समाधान झालं तेव्हाच पैसे दिले.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला – नीट – माहीत होतं.

आता आक्का. माझी थोरली बहीण, पेडगावला दिलेली. आई शेतात जायची तेव्हा मला कडेवर घेऊन हिनंच फिरवलं. मी पहिली नक्कल केली ती हिच्यापुढे, आणि आजही माझ्या गमतीवर सगळ्यांत आधी हसते ती हीच. मी अजून तोंड उघडत असतो तेव्हाच तिचा पदर तोंडाला लागलेला असतो.

दर हिवाळ्यात आक्काच्या शेतात हुरडा असतो. दुपारी गोवऱ्यांची आगटी पेटते, निखाऱ्यात कणसं भाजतात, दाजी ती तळहातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात टाकतात. गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि मी – आक्काच्या हुरड्याचे हे तीन जिन्नस. त्या वर्षी माझा दंड दाखवून झाला होता, भाकरीचं गुणगान झालं होतं, आणि आक्कानं कमरेची पिशवी सोडली.

“बापू, मला लय थकवा येयलाय म्हणून परभणीला गेलते. बाईनं ह्या दिल्यात. रोज एक खायाची म्हने.”

तीच पट्टी. तोच तपकिरी रंग. आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात, पाहुणा म्हणून मुक्कामी आलो होतो म्हणून – तिची जुळी बहीण. मी वाकलो की खिसा करकरायचा. मला वाटलं, सगळ्या शेताला ऐकू जातंय. वाटलं, आता आक्का म्हणणार, त्या बाई तुझं नाव घेत होत्या. तसं काही ती म्हणणार नव्हती. पण भ्यालेला नट काय करतो? आवाज चढवतो.

“अगं आक्का! गळ्यात माळ घालून हाडं खायलीस व्हय?”

“कशाची हाडं?”

“मग गोळी चिकटती कशानं? जनावराच्या हाडाचा भुगा असतोय त्यात!”

आणि मी तिच्या हातातली पट्टी घेतली, मांडी घातली, डोळे मिटले, नाकातून भटजीचा आवाज काढला आणि पट्टी आगटीत सोडली. “स्वाहाऽऽ!”

चांदी आकसली, काळी पडली, वास सुटला. दाजींना हुरड्याचा ठसका लागला. “मेव्हण्यानं यज्ञच मांडला की!” सगळे लोळले. आक्काही हसली, पण मग माळेला हात लावून हळूच म्हणाली, “बरं झालं सांगितलास रं. न्हाई तर पाप लागलं असतं.”

त्या क्षणी सांगायला काय लागलं असतं? एक वाक्य. माझ्याकडे वाक्यांची कमी होती का?

दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. उलट झालं असं, की तो यज्ञ माझा सगळ्यांत गाजलेला किस्सा ठरला. लग्नात फर्माईश यायची. मी त्यात भर घालत गेलो – समिधा घातल्या, आहुतीचा मंत्र घातला. आणि सकाळी शटर वर करून डबा उघडत गेलो.

पुढच्या हिवाळ्यात आक्का म्हणाली, पायात मुंग्या येयल्यात. मी ओळखलं. बाईंनी मलाही तेच विचारलं होतं ना – मुंग्या येतात का, पाय बधिर पडतात का. पऱ्हाटीचं पान बांधावरून ओळखणारा मी म्हणालो, “वात असंल, करडईचं तेल चोळ.” ती चोळत राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली आणि घरी येईपर्यंत तिला कळलं नाही. तेव्हा कुठे मी तिला परभणीला नेलं – आणि मुद्दाम दुसऱ्या डॉक्टरांकडे. का, ते तुम्हाला कळलंच असेल. त्या बाई माझं बिंग फोडतील म्हणून.

या डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहिली, मग गोळ्या. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, उशीर झालाय, म्हणाले. आक्कानं विचारलं, “ह्यात हाडाचा भुगा न्हाई ना, साहेब?”

डॉक्टर हसले. “नाही हो. कुणी सांगितलं तुम्हाला असं?”

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. “गावात म्हणतेत,” ती म्हणाली.

वाटलं ना तुम्हाला, हाच तो गुन्हा? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. इथवर तर मी स्वतःशीही येऊन परत फिरायचो. पण राहतंय एक. यंदाच्या हिवाळ्यातलं.

यंदाही आगटी पेटली. आक्का आता काठी घेऊन चालते; तिला गोणपाटावर बसवलं होतं, पाय पसरून. कुणीतरी म्हणालं, यज्ञ होऊ द्या. मी खरंच नको म्हणालो. पण आक्काच म्हणाली, “सांग की रं बापू. तू सांगितलास की बरं वाटतंय.” बोलताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी पाहिलं नाही. मी उभा राहिलो होतो, आणि उभा राहिलो की मला माणसं दिसत नाहीत, फक्त प्रेक्षक दिसतात.

रंगात आलो. मांडी घातली, डोळे मिटले, किलकिले केले – आणि दिसलं. कणीस उपसताना एक निखारा घरंगळला होता आणि आक्काच्या पायाच्या अंगठ्याला टेकून बसला होता. ती पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती. तिला पत्ता नव्हता. बाकी सगळेही माझ्याकडेच बघत होते.

एक शब्द राहिला होता. त्याआधी थांबावं लागतं – थांबल्याशिवाय हशा येत नाही. मी थांबलो. नेहमी थांबतो तितकाच. मग म्हणालो, “स्वाहाऽऽ!”

हशा आला. मोठा आला. तो ओसरू लागला तेव्हा मी उठलो आणि निखारा हातानं उडवला. कातडी पांढरी पडून फुगली होती. आक्का अजून हसतच होती. खाली बघत म्हणाली, “काय झालं रं?”

“काय न्हाई, आक्का,” मी म्हणालो. “ठिणगी उडाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मानवतला येऊन शटर वर केलं. डबा उघडला, पाठ फिरवली, गोळी घेतली. जीभ ठणठणीत आहे.