जे येईल त्याचं नाव

चावीवाल्याचं पुढे दुकान आणि मागे घर. संध्याकाळी कुणाची तरी किल्ली पकडीत धरून तो कानस चालवत असायचा, तेवढ्यात आतून हाक यायची, "अहो!" आणि त्याचा हात चळायचा. कानस जराशी जास्त फिरली की किल्लीचा दात गेलाच; घासलेलं पितळ काही परत चिकटत नाही. तरी तो उठून स्वयंपाकघरात डोकावायचा. तिथे कोण असणार? बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे माणूस गेलं आणि खोड मागे राहिली.

गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. बिघडलेल्या किल्लीपायी एकजण स्वतःच्याच दारात ताटकळला, तेव्हा लेकीने फोनवर फर्मान काढलं, "बाबा, ध्यानाच्या वर्गाला जा. नाहीतर दुकान बंद करा आणि इकडे या."

दुकान आणि घर सोडायचं म्हणजे ती हाकही सोडायची. हाक थांबायला हवी होती, आणि थांबू नये असंही वाटत होतं. असा माणूस ध्यानाला बसला!

वर्ग घेणाऱ्या बाई मेंदूच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. शिकवायच्या मात्र बुद्धाची वाट: श्वास येतो, जातो, नुसतं बघत राहा. चावीवाल्याने चाचरत हाकेचं सांगितलं.

"मेंदू नुसता ऐकत नाही हो," बाई म्हणाल्या. "पुढे काय ऐकू येईल याचा अंदाजही बांधतो. इतकी वर्षं त्या वेळेला हाक आली, म्हणून तो अजून ती तयार ठेवतो."

"म्हणजे ती नसतेच?"

"ती नसते. दुःख खरं आहे. ते उसळलं की पळायचं नाही, मनाशी त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की मेंदूतला धास्तावलेला भाग बरेचदा निवतो."

इथेच घोडं अडलं. बाकीचे मनातल्या मनात 'आवाज', 'गुडघा', 'कंटाळा' म्हणत सुखाने बसले. चावीवाला एवढंच समजला, की तिचं नाव घ्यायचं. आणि ते तर त्याने जन्मात घेतलं नव्हतं. ती 'अहो' म्हणायची, हा 'अगं' म्हणायचा, तेवढ्यावर अख्खा संसार झाला. नाव जिभेवर आलं तरी म्हाताऱ्याचे कान तापायचे.

शेवटी एकदा त्याने डोळे घट्ट मिटले आणि भर वर्गात मोठ्याने तिचं नाव घेतलं. सगळ्यांनी डोळे उघडले. कुणीतरी फिसकन हसलं.

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, 'आठवण' एवढंच म्हणायचं होतं."

त्या 'अहो'ने त्याला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानस चालू असताना हाक आली. तो उठला नाही. 'आठवण' म्हणून पाहिलं. ते काही मनाला लागेना. मग कालचंच नाव त्याने पुन्हा घेतलं, हळू, नीट. आतलं सगळं चिडीचूप झालं. हात चळला नाही. किल्लीचा दात अगदी हवा तसा उतरला. लेकीला कळवलं असतं तर ती खूश झाली असती.

तो आतल्या दाराकडे बघत राहिला. त्या नावाने त्याने तिला कधी हाकच मारली नव्हती. आपल्याला बोलावतायत, हे तिला तरी कसं कळावं?

त्याने कानस खाली ठेवली.

"अगं," तो म्हणाला, आणि कान देऊन बसून राहिला.