पेन तुमच्याकडंच राहू द्या

पत्र मिळाल्याची सही केली आणि पेन परत द्यायला हात पुढं केला. विम्याच्या ऑफिसातला साहेब खुर्चीसकट मागं सरकला. म्हणाला, "राहू द्या. पेन तुमच्याकडंच राहू द्या."

माझ्या मागं बाकावर चार-पाच माणसं होती. त्यांच्यादेखत त्यानं पत्र मोठ्यानं वाचलं होतं. एचआयव्हीची माहिती लपवली. दावा नामंजूर. पॉलिसी रद्द.

लपवली? मी?

साहेबाशेजारी बालाजी बसला होता. माझा एजंट. माझा भाऊ. रक्ताचा नाही, पत्र्याचा. भूकंपात दोघांच्याही घरात कोणी उरलं नाही. पत्र्याच्या एकाच शेडमध्ये वाढलो. साडीच्या काठाचा दोरा काढून मी त्याला पहिली राखी बांधली ती तिथंच. पुढं लातुरात क्लासेस वाढले, बाहेरगावची पोरं आली, मी मेस काढली. तो विमा विकायला लागला. त्याचं पहिलं गिऱ्हाईक मी.

मंडईत मी मेथीची जुडी सोडून आत बघते. सिलिंडर वजन केल्याशिवाय उतरू देत नाही. भांडखोर बाई म्हणून माझं नाव आहे, आणि ते मी कमावलंय.

एचआयव्ही कुठून आला, ते विचारू नका. सांगायला मी कुणाची बांधील नाही. रोज गोळी घेते, रोज दोन वेळा शंभर पोरांना जेवू घालते. पण मी अंथरूण धरलं तर मेस बंद, आणि लेकीची अकरावीही बंद. म्हणून विमा हवा होता. गोळ्यांची फाईल मी स्वतः बालाजीपुढं ठेवली. म्हटलं, "हे आधी लिही."

"अक्का, तू नुसती सही कर. बाकीचं मी भरतो. समदे असंच करतात."

मेथी सोडून बघणारी मी. कोऱ्या फॉर्मवर सही केली.

नांदेडला पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. त्याचा एचआयव्हीशी संबंध नाही, असं डॉक्टरनं लिहून दिलं. खर्चाचा दावा केला, तर कंपनीनं जुना फॉर्म बाहेर काढला. वरपासून खालपर्यंत बालाजीच्या अक्षरात नाही, नाही, नाही. तळाला माझी सही.

त्या दिवशी साहेबासमोरच मी म्हटलं, "बालाजी, सांग यांना. फाईल दाखवली का न्हाई तुला?"

टेबलाकडं बघतच तो म्हणाला, "साहेब, बाईंनी मला काहीच सांगितलं न्हाई."

बाईंनी.

"माझ्या हातचं खाऊन माझ्याच तोंडावर खोटं बोलतो व्हय रे!" मी टेबलावर हात आपटला. मागं कुणीतरी हसलं. वॉचमननं मला दार दाखवलं. जिना उतरले तेव्हा पेन मुठीतच होतं.

सरकारी दवाखान्यात गोळ्या देताना समजावून सांगणाऱ्या ताई आहेत. त्या म्हणाल्या, "नुसता एचआयव्ही आहे म्हणून विमा नाकारता येत नाही. तसा कायदा आहे. नाकारायचा तर आकडेवारीचा आधार दाखवावा लागतो. लेखी मागा."

पुढच्या सोमवारी मी त्याच ऑफिसात गेले. नव्या विम्यासाठी कोरा फॉर्म मागितला.

"बाई, कशाला वेळ घालवता? व्हायचं नाही ते."

"मग व्हायचं नाही असं लिहून द्या. कारणासकट. सहीसकट."

"असं लिहून देत नसतो आम्ही."

"तर फॉर्म घ्या आणि पोच द्या."

कोपऱ्यातून बालाजी उठला. हळूच म्हणाला, "अक्का, मी भरून देऊ का?"

"हात लावू नको."

त्याच पेनानं मी फॉर्म भरला. आजाराच्या रकान्यात लिहिलं, हो. खाली गोळीचं नाव, कधीपासून घेते ते. सोबत बालाजीची तक्रार जोडली. भावाची नाही, एजंटची. दोन्हींची पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी सकाळची जेवणं उरकली की मी जाते, साहेबासमोर बसते, विचारते. बाकावर माणसं असली तर एचआयव्ही हा शब्द मीच मोठ्यानं उच्चारते. नाकारायचं असेल तर नाकारा. पण तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं. तो कागद घेऊन मी वरच्या ऑफिसात दाद मागणार आहे. कोऱ्यावर सही करणारी बाई आता तुम्हाला मिळणार नाही.