हत्तीण, मांजर आणि सातवी सीट

तुमच्या गाडीत सीट किती, आणि काल त्यातल्या किती भरल्या होत्या?

लिटरला किती देते, ते नाही विचारलं. ते कुणीही छाती फुगवून सांगतं, वर दोन किलोमीटर पदरचे घालून सांगतं. सीटचं विचारलं की मात्र घसा खाकरला जातो. तेल महागलं की शहाणी माणसं सल्ले द्यायला बाहेर पडतात. एक म्हणतो मोठी गाडी विका, दुसरा म्हणतो हायब्रिड घ्या, आणि दोघांच्याही तोंडून हा प्रश्न निघत नाही. तो एका टॅक्सीवाल्या बाईच्या तोंडून निघाला. तोही सुखासुखी नाही. आधी ती सपशेल तोंडावर आपटली, मग निघाला.

स्टँडवर तिला चौकशीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही ओ देते. वय बावन्न, त्यातली बावीस वर्षं स्टिअरिंगमागे. प्रत्येक गोष्टीचं "ते कसं काय?" विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. दाताच्या डॉक्टरलाही तिने आ वासलेला असतानाच ड्रिलची मोटर मिनिटाला किती फिरते ते विचारलं होतं. डॉक्टरला कळलं नाही म्हणून नंतर कागदावर लिहून विचारलं.

तिची गाडी आठ सीटची, अकरा वर्षांची, उंच आणि रुंद. स्टँडवरचं नाव हत्तीण. सोमवार, बुधवार, शुक्रवार ही हत्तीण सकाळी साडेसातला निघते आणि टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात जाते. वीस किलोमीटर. अर्धा रस्ता चढ, अर्धा उतार. आत डायलिसिसचे चार रुग्ण: निवृत्त पोस्टमनकाका, एक बेकरीवाले, घरी शिकवणी घेणाऱ्या बाई आणि चाकांच्या खुर्चीतल्या आजी. आजींना धरायला त्यांची सून. असे पाच. चार तास मशीनला जोडून घ्यायचं, मग त्याच गाडीने घरी. चौकशीबाईची मजुरी ठरलेली. तेल मात्र पाच जणांत सारखं वाटून. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग दोन महिन्यांत तेल तीनदा वाढलं. पाच रुपयांचे सहा झाले म्हणा.

एका शुक्रवारी परतताना पोस्टमनकाका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून मी दोनदाच येईन. बुधवार गाळतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना कशाला त्रास?"

चौकशीबाईला ही गप्प बसण्याची गोष्ट नाही हे पक्कं ठाऊक होतं, कारण मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला तिने कधीच विचारून ठेवलं होतं की एक खेप चुकली तर काय होतं. अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं. काकांनी चाळीस वर्षं लोकांची पत्रं वेळेवर पोचवली होती. आता स्वतःला वेळेवर पोचवायला त्यांच्याकडे तेल नव्हतं.

त्या संध्याकाळी तिची धाकटी नणंद चहाला आली. नणंदही टॅक्सीच चालवते. वर्षभरापूर्वी तिने हायब्रिड घेतली, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. बुटकी, गुळगुळीत, आवाज न करता मागे येऊन उभी राहणारी. तिचं नाव स्टँडने मांजर ठेवलं.

"वहिनी, विक आता ती हत्तीण," नणंद म्हणाली. "माझं मांजर लिटरला चोवीस देतं. तुझी दहा देते, तेही तिला गोंजारलं तर."

"चोवीस कुणी मोजले? तू की गाडी विकणाऱ्याने?"

"गाडी स्वतःच पडद्यावर दाखवते."

"मीही आरशात बघून मला चाळिशीची समजते. तेवढ्याने झाले का?"

घड्याळदुरुस्ती करणारा तिचा नवरा डोळ्याला भिंग लावून बसला होता. तो भिंगातूनच हसला. शेवटी ठरलं. शनिवार-रविवार गाड्यांची अदलाबदल. चौकशीबाई मांजर घेऊन हॉस्पिटलच्याच रस्त्याने फेऱ्या मारणार. एकच पंप, तीच नळी, ती खट्ट करून आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची आणि चालवून परत तिथेच तशीच भरायची. पडद्यावर विश्वास नाही. छोट्या गाडीने खरंच निम्म्याहून कमी तेलात काम होत असेल तर हत्तीण विकायची आणि काकांचा बुधवार वाचवायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी आकडा निघाला. सतरा.

तिने दोनदा भागाकार केला. सतराच. ती फोनवर नणंदेला म्हणाली, "तुझं चोवीस कुठे सांडलं गं वाटेत?" आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवला. सोमवारी गाडीत सगळ्यांना ऐकवलं, "छोट्या गाडीचं नुसतं थोतांड आहे. मी स्वतः मोजलंय. उपाय नाही."

काकांनी मान डोलावली. बाई मोजते म्हणजे नीटच मोजते, यावर गाडीत कुणाचं दुमत नव्हतं. बुधवारी त्यांची सीट रिकामी गेली.

इकडे नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. गुरुवारी सकाळी ती मांजर घेऊन दारात हजर. "सतरा म्हणे! चल, माझ्यासमोर चालव. मी शेजारी बसते, एक शब्द बोलणार नाही."

टेकडीच्या माथ्यापर्यंत ती खरंच बोलली नाही. तिच्यासाठी हा विक्रमच. माथा ओलांडला, उतार लागला आणि चौकशीबाईचा डावा हात आपसूक दांड्यावर गेला. गाडी न्यूट्रल. मांजर आपल्या वजनाने खाली सुटलं आणि चौकशीबाईने अधूनमधून ब्रेक दाबत त्याला आवरायला सुरुवात केली.

"वहिनी! हे काय केलंस?"

"काय केलं? उतारावर न्यूट्रल. तेल वाचतं."

"हे बाबांनी शिकवलं ना तुला?"

बाबांनीच. सासरे ट्रक चालवायचे. मुलगा घड्याळात रमलेला, म्हणून त्यांनी सुनेला शिकवलं. उतार दिसला की न्यूट्रल, हा त्यांचा पहिला धडा. बावीस वर्षं तिने तो पाळला, इतका की आता हात विचारतही नव्हता. जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना "कसं काय?" विचारणाऱ्या बाईने या एकाच गोष्टीला तो प्रश्न कधी केला नव्हता, कारण शिकवणाऱ्यावर तिचा जीव होता.

"मला नाही शिकवलं त्यांनी," नणंद म्हणाली. "पोरीच्या हातात कशाला, म्हणाले. सुनेच्या हातात चाललं! मी फी भरून शाळेत शिकले. म्हणून मला ही खोड नाही. आता पडद्यावर बघ. बाण दिसतो का कुठे?"

पडद्यावर चाकं आणि बॅटरी यांचं चित्र होतं. मधली जागा कोरी.

"आता पुन्हा गिअरमध्ये घे आणि ब्रेक हळू दाब."

चौकशीबाईने घेतलं. चाकांकडून बॅटरीकडे एक हिरवा बाण सरकायला लागला. गाडीला मागून कुणीतरी मायेने धरल्यासारखा वेग उतरला.

"हे कसं काय?" ती म्हणाली, आणि गाडी सरळ बाजूला घेऊन थांबवली. नणंदेने समजावलं. उतारावर गाडी ढकलणारी ताकद मोटर फिरवते, आणि तिची वीज बॅटरीत भरते. पुढच्या चढाला तीच बॅटरी इंजिनाला हात देते. न्यूट्रल केलं की दारच बंद. सगळी ताकद ब्रेक तापवण्यात जाते आणि चढाला सगळा भार पेट्रोलवर. म्हणजे दोन दिवस ती मांजराचं तोंड बांधून वर तक्रार करत होती की हे दूध पीत का नाही.

"आणि ट्रकलाही हे बरं नव्हतं," नणंद हळूच म्हणाली. "ब्रेक तापून गेले असते तर? बाबांचं नशीब चांगलं होतं."

त्या दिवसापासून हत्तीणही उतारावर गिअरमध्येच उतरते.

शुक्रवारी पोस्टमनकाका आले तेव्हा त्यांनी चपला घातल्या होत्या. बूट पायात शिरत नव्हते. चौकशीबाईने ते पाय पाहिले. आकडा चुकला तर दुसऱ्याच्या पायाला सूज येते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवार-रविवार तिने मोजणी पुन्हा केली. तीच नळी, तीच खट्ट. चोवीस. पडद्यापेक्षा थोडा वरच.

आता प्रश्नच मिटला, असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं. रविवारी संध्याकाळी ती नवऱ्याच्या टेबलाशी बसली. त्याने घड्याळाच्या दोन रिकाम्या डब्या पुढे केल्या, मोठी म्हणजे हत्तीण आणि छोटी म्हणजे मांजर. माणसं म्हणून पाच बारके स्क्रू. हॉस्पिटल म्हणून भिंगाचं झाकण.

पाच स्क्रू मोठ्या डबीत मावले. डबी झाकणापर्यंत गेली, परत आली. चाळीस किलोमीटर, चार लिटर.

छोट्या डबीत आजींची खुर्ची पाठीमागे घालायची, मशीननंतर शिकवणीवाल्या बाईंना सीट मागे टेकवून आडवं व्हावं लागतं, म्हणजे एका वेळी तीनच. तीन स्क्रू गेले. डबी परत आली. उरलेले दोन गेले.

"थांब," नवरा म्हणाला. "येताना डबीत कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग ते तेल कुणाचं?"

तिने बोटांवर हिशोब केला. सकाळी तीन चकरा, दुपारी तीन. सहा गुणिले वीस. एकशेवीस किलोमीटर, पाच लिटर. चोवीस देणारं मांजर दहा देणाऱ्या हत्तिणीपेक्षा एक लिटर जास्त प्यायलं!

ती मोठ्याने हसली. मग तिने एकच स्क्रू मोठ्या डबीत टाकून फिरवला. चार लिटर, एका माणसासाठी. तोच स्क्रू छोट्या डबीत. पावणेदोनाच्याही आत. म्हणजे एकट्या माणसाला हत्तीण हे पाप आणि पाच जणांना मांजर हा खुळेपणा. अख्खं जग गाडीकडे बघून भांडतंय, आणि उत्तर सीटवर बसलंय, किंवा बसलेलंच नाही.

सोमवारी सकाळी पंपावर तिच्या पुढे एक नवीकोरी गाडी उभी होती, हत्तिणीहून वीतभर उंच. आत त्याच हॉस्पिटलच्या ऑफिसातले एक साहेब, तेलाच्या भावावरून पंपवाल्याला झापत. तो बिचारा काय भाव ठरवतो?

"साहेब, किती देते?" तिने विचारलं.

"नऊ. टेकडीला आठ."

"बसतात किती?"

"सात."

"आणि आज बसलेत किती?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. "माझी गाडी, माझं तेल," म्हणाले, आणि काच वर गेली. चौकशीबाईला राग येण्याऐवजी नवल वाटलं. पहिली दोन उत्तरं अभिमानाने आली, मग तिसऱ्याला काच का?

गाडीत बसल्या बसल्या तिने सगळ्यांसमोर कबुली दिली. "मागच्या सोमवारी मी चुकीचं सांगितलं. सतरा माझ्या हाताचे होते, गाडीचे नव्हते. काका, तुमचा बुधवार माझ्यामुळे गेला."

"तुमच्यामुळे कसला?" काका म्हणाले. "माझं मी ठरवलं."

"माझ्या आकड्यावर ठरवलंत. आता दुसरा आकडा ऐका." तिने डब्यांची गोष्ट सांगितली. "पाचाचे सहा भाव झालेत. पाचाची सहा माणसं झाली तर माणशी तेल जिथल्या तिथे. मला एक माणूस हवंय, बस."

माणूस हॉस्पिटलात समोरच होतं. तीन वर्षं काकांच्या हातात सुई घालणारी नर्स. तिला चौकशीबाईने मशीनच्या नळ्या, फिल्टर, पाण्याचा दाब, सगळं विचारून छळलं होतं. एवढंच कधी विचारलं नव्हतं.

"तू येतेस कशी गं?"

"दोन बस बदलून. तुमच्याच चौकातून."

"आणि सुटतेस कधी?"

"तुमची तुकडी सुटली की."

चौकशीबाईने कपाळावर हात मारून घेतला. बुधवारी नर्स सहावी बसली. काकांचं तेल पूर्वीइतकंच आलं. उतरताना ते म्हणाले, "शुक्रवारी वेळेवर या, मला उशीर खपत नाही." पुढच्या पंधरवड्यात त्यांचे पाय पुन्हा बुटात शिरले.

स्टँडवर आता एक पाटी आहे, नणंदेच्या अक्षरात: एकटे-दुकटे असाल तर मांजर, पाच किंवा जास्त असाल तर हत्तीण. चालवायला जी मोकळी असेल ती. भांडण व्हायचं ते होतंच. मांजराची सीट वहिनी पुढे ओढून ठेवते, असं नणंदेचं म्हणणं.

हत्तिणीतली सातवी सीट मात्र अजून रिकामी आहे. तेल पुन्हा वाढेल तेव्हा काकांच्या पायांवर सूज चढू नये म्हणून चौकशीबाईला ती भरायची आहे. ऑफिसातले साहेब अजूनही काच वर करून मागून येतात, एकटे.

तुमचं तसं नको. उद्या सकाळी चावी फिरवायच्या आधी मागे वळा, रिकाम्या सीट मोजा, आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या एका तरी माणसाला विचारा, "तुम्ही कसे जाता?"