लग्नाहून परतलेली शेवंती

लोह्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीतल्या त्या बाई झाडांना पाणी घालताना डोळे अर्धवट मिटून घ्यायच्या. हिरव्या जाळीखालच्या उजेडात त्या पाण्यातून चालल्यासारख्या दिसत. गिऱ्हाइकाला आधी विचारायच्या, "घरात ऊन कुठून येतंय?" मगच रोप हातात द्यायच्या.

त्या हिवाळ्यात फुललेल्या शेवंतीच्या सगळ्या कुंड्या एका लग्नाच्या स्टेजसाठी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर बाई हातगाडा ढकलत येत होत्या. मंगल कार्यालयामागच्या उकिरड्यावर फेकलेली शेवंती त्यांनी उचलून आणली होती.

मी म्हणालो, "आता ही कोण घेणार?"

कुंड्या सावलीत मांडत त्या म्हणाल्या, "हळू बोला, भाऊ. लई थकून आल्यात. झोपू द्या त्यायला."

मी गुलाबाचं रोप कुजबुजतच मागितलं.