शेजारणीचा तीन पुडी डबा

आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर स्टीलचा एक तीन पुडी डबा आहे. तो आमचा नाही. त्याच्या बुडावर शेजारच्या अंकलचं नाव कोरलेलं आहे. मी एकदा तो भंगारवाल्याला द्यायला काढला होता, पण आईने माझ्या हातातून घेऊन परत वर ठेवला. तिला तो वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

तो आमच्याकडे आला त्या दिवशी सकाळी बाबा दाढी करता करता मटकन खाली बसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं अडखळायला लागलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते आणि ती गावाबाहेर बैहरच्या रस्त्यावर कुठेतरी अडकलेली होती. आईचा आवाज ऐकून अंकल बनियनवरच धावत आले. काही न विचारता त्यांनी गाडी काढली, बाबांच्या काखेत हात घालून त्यांना मागच्या सीटवर झोपवलं. आंटी बाबांच्या चपला हातात घेऊन गाडीपर्यंत आल्या. रेल्वे फाटक नेमकं बंद होतं. अंकल खाली उतरले आणि पुढच्या मोटारसायकलवाल्यांना हात जोडून बाजूला करत राहिले. फाटक उघडताच आमची गाडी पहिली निघाली. दवाखान्यात स्ट्रेचर मिळेना, तेव्हा बाबांना वॉर्डापर्यंत त्यांनीच खांद्याचा आधार देऊन नेलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट माणसं म्हणेल, आणि ते तसे असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

संध्याकाळी दवाखान्यात अंकलच डबा घेऊन आले. वरण, भात आणि बटाट्याची भाजी. "भाभी, डब्बे की चिंता मत करना," असं म्हणून ते लगेच गेले. आई सकाळपासून उपाशी होती, तरी तिने आधी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथे बैहरकडच्या एका खेड्यातली बाई तापाने फणफणलेल्या नवऱ्यापाशी बसली होती. दुपारी आईला नुसत्या फरशीवर बसलेलं पाहून तिने आपली चादर दुमडून आईच्या खाली सरकवली होती. आईने तिला जवळ बोलावलं. त्या बाईने आपल्या गाठोड्यातून कोदोचा, म्हणजे भरडधान्याचा, भात आणि चटणी काढली. दोघी डब्याच्या एकाच झाकणात जेवल्या. तिने आईला नाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औषधं आणायला गेलो तेवढ्यात त्या दोघांना सुट्टी झाली आणि ती निघून गेली.

बाबा वाचले. उजवा हात थोडा जड राहिला, पण चालते-बोलते घरी आले. आणि आईच्या डोक्यात डबा शिरला.

ते कळायला आमची गल्ली माहीत हवी. आमच्या दारावर पंचशीलाचा झेंडा आहे आणि गल्लीत तो एकट्या आमच्याच दारावर आहे. दिवाळीला आमच्याकडे सगळ्यांच्या घरून ताट येतं. आमचं ताट मात्र ज्या घरी जायचं, तिथे धुणीभांडी करणारी बाई ते खायची. ते तिनेच आईला सांगितलं होतं, बिचारीला वाटलं आई खूश होईल. तेव्हापासून आईने ताट पाठवणं बंद केलं. मला तर त्यांचं फराळाचं ताटही घशाखाली उतरत नाही. आई म्हणते, अन्नावर राग नको.

पण त्या गाडीत बसून आल्यापासून आई बदलली होती. "आता तसं नाही राह्यलं," ती म्हणाली. "त्यांनं तुह्या बापाले खांद्यावर नेलं. आपण डबा भरूनच देऊ." रिकामं भांडं परत करायचं नाही, ही तिची जुनी रीत. तिने रव्याचे लाडू केले, करंज्या केल्या, शेव पाडली. डबा असा घासला की त्यात तोंड दिसावं. इस्त्रीचं पातळ नेसली. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, "माह्याकडूनही सांगजो, लय उपकार झाले म्हना." मी सोबत गेले. तिला एकटीला जाऊ द्यायला मला भीती वाटत होती.

आंटी फाटकापाशीच भेटल्या. फार गोड बोलल्या. बाबांची चौकशी केली, गोळ्या वेळेवर द्या म्हणाल्या. एक हात फाटकाच्या कडीवर होता, तो शेवटपर्यंत हलला नाही.

"अरे भाभी, ये आप ही रखो. मैंने लौटाने के लिए थोड़ी दिया था."

"खाली डबा नाही आणला, बाई," आई म्हणाली. "लड्डू हैं. घर के."

"हमारे यहाँ मीठा कोई खाता कहाँ है, सबको शुगर है. भाई साहब की दवाई का ध्यान रखना, हाँ?"

आईने डबा छातीशी धरला आणि आम्ही परतलो. आमच्या दारात मी तो तिच्या हातातून घेतला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की त्याची कडी ढिली होती आणि मधल्या पुडाला पोचा होता. म्हणजे बाबा जगतात की जातात हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा, आंटींनी घाईघाईने वरण-भात रांधला, मनापासून रांधला असेल, आणि मग फळीवरून परत न आला तरी चालेल असा डबा निवडला. त्या धांदलीतही त्यांना त्याचं भान होतं. आमच्याकडे आला तेव्हाच तो त्यांच्या हिशेबी गेलेला होता. परत जाऊन लाडू त्यांच्या अंगणात ओतावे असं वाटलं, पण आईने माझं मनगट धरलं होतं.

"देल्ला का?" बाबांनी विचारलं.

"घरी नोहते ते लोक," आई म्हणाली.

बाबांना आजही काही माहीत नाही. अंकलची गाडी सुरू झाली की ते खिडकीतून जड हात वर करतात आणि अंकल हॉर्न वाजवून हसतात. त्या माणसामुळे माझा बाप जिवंत आहे. मला त्याचा नीट रागही करता येत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

त्या संध्याकाळी आईने लाडू आमच्याच ताटात वाढले. स्वतः घेतला नाही. डबा धुऊन, पुसून वरच्या फळीवर ठेवला.

"त्या बैहरवालीचं गाव काहून नाही इचारलं आपण?" ती म्हणाली. "तिनं खाल्ले असते."